कॉफी सोडलेलं घर

चेन्नईच्या मैलापुरात देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत विद्युलताबाई राहतात. कमीत कमी पैशांत माणूस किती नीटनेटका जगू शकतो हे कोणाला पाहायचं असेल, तर त्यांच्या दोन खोल्या पाहाव्यात. दर दोन महिन्यांना पहिली शंभर युनिटं वीज इथे फुकट मिळते. बाईंच्या घरचं बिल गेली कित्येक वर्षं शून्याच्या वर गेलेलं नाही. पंखा नवराबायकोत मिळून एक. दुपारी ऊन तापलं की बाई ओलं पातळ खिडकीला अडकवतात आणि उंबऱ्याशी आडव्या होतात. बाहेर जायचं तर पुढून गुलाबी रंगवलेली साधी बस, कारण तिच्यात बायकांना तिकीट पडत नाही. दुसऱ्या बस रिकाम्या समोरून गेल्या तरी बाई जागच्या हलत नाहीत.

स्वयंपाकाचंही तेच. चिंच एकदा पिळून टाकून देणारी बाई त्यांच्या लेखी उधळी. त्या तिसऱ्या पाण्याचंही सार करतात, आणि सांगितल्याशिवाय ते खाणाऱ्याला कळत नाही. तांदूळ रेशनचा, शेवग्याचा पाला शेजारच्या अंगणातला, भाजी बाजार उठायच्या वेळची. भाताची पेज काढून त्याच पेजेत सुती साडी बुडवून अशी कडक वाळवतील की नेसून निघाल्या की शाळेच्या मुख्याध्यापिका वाटतील. हे सगळं त्या रडतकुढत करत असतील असं कोणाला वाटेल. मुळीच नाही. त्यांना त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडा तोराच होता.

तोऱ्याला कारण असं की हे सगळं त्या एकट्या करत नव्हत्या. दोघांनी मिळून मांडलेला तो डाव होता. त्यांचे यजमान सुधींद्रराव एन्नोरच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. पहाटे उठून बस, मग गाडी, मग पुन्हा बस करत शहराच्या त्या टोकाला जायचे. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी कारखान्याला टाळं लागलं. मूलबाळ नव्हतं, जमीनजुमला नव्हता. महिनाभर सुधींद्रराव भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मग एका सकाळी म्हणाले, "विद्यु, कोणापुढे हात पसरायचा नाही. आपण दोघं मिळून कमी करून बघू. जे जे सोडता येतं ते सोडू." विद्युलताबाईंनी लगेच पदर खोचला. नवऱ्यानं तोंड उघडून आपल्याकडे काही मागितलं, याचाच त्यांना आनंद झाला होता.

आणि त्यांनी कॉफी सोडली.

पुण्यामुंबईच्या वाचकाला यात काही मोठंसं वाटणार नाही. पण हे लोक तंजावरचे. पूर्वज केव्हाचे दक्षिणेत आलेले. मराठी तेवढी घरात टिकली, तीही तमिळमध्ये मुरलेली. बाकी खाणंपिणं, उठणंबसणं तिथलंच. त्यांच्यात सकाळी दात घासल्यावर पहिला शब्द कॉफी. पाहुणा दारात आला की चपला काढायच्या आधी कॉफी. मुलगी पाहायला गेले की आधी कॉफीची परीक्षा, मग मुलीची. अशा घरात कॉफी नाही म्हणजे काय, हे त्यांच्या लोकांनाच कळावं. दोघांनी एका पोंगलच्या दिवशी शेवटची कॉफी घेतली, अगदी घट्ट, दुधात पाण्याचा थेंब न घालता. दुसऱ्या दिवशी विद्युलताबाईंनी पितळेचं फिल्टर भांड्यांच्या दुकानात नेऊन दिलं आणि बदल्यात ताकाचा गडू आणला.

पुढे डोकेदुखीचे दिवस आले. बाईंना पंधरा दिवस कपाळाला सुंठ उगाळून लावावी लागली. सुधींद्ररावांची डोकेदुखी मात्र दोन-तीन दिवसांतच थांबली. सकाळी लांब फिरून येतो, त्यानं बरं वाटतं, असं ते म्हणायचे. बाईंना वाटलं, पुरुषाचं मन घट्ट असतं. त्यांनी नवऱ्याचं कौतुक केलं आणि स्वतःच्या कमकुवत डोक्याला दोष दिला.

पुढे सुधींद्ररावांना अड्यारला एका दुकानाचे हिशेब लिहायचं काम मिळालं, दिवस तितके वाईट राहिले नाहीत. पण डाव चालूच राहिला. संध्याकाळी दिवा लावला की दोघं समोरासमोर बसत आणि आज कोणी काय वाचवलं ते एकमेकांना सांगत. बाईंनी सांगितलेलं ऐकून सुधींद्रराव "शाब्बास" म्हणत. आयुष्यात दागिना मिळाला नाही, प्रवास घडला नाही, त्याचं बाईंना काही वाटलं नाही. तो एक "शाब्बास" त्यांना पुरत होता.

एका गोष्टीचं मात्र वाटत होतं. धाकटी बहीण तुळसी दुरावली होती. तंजावरला असते ती. लहानपणी एका पांघरुणात झोपणाऱ्या या दोघी. पूर्वी तुळसी एकटी चेन्नईला आली की थेट अक्काच्या घरी उतरायची आणि कुरकुर न करता कॉफीशिवाय राहायची. आठ वर्षांमागे ती आणि तिचे यजमान, मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला म्हणून, रात्रभराचा प्रवास करून पहाटे दारात आले. बाईंनी मोठ्या प्रेमानं जिऱ्याचं गरम पाणी दिलं आणि सांगितलं, आम्ही कॉफी सोडलीय ना. पाहुण्याचं डोकं ठणकत होतं. सुधींद्रराव म्हणाले, "चला, तुम्हा दोघांना देऊळ दाखवून आणतो." तासाभरानं तिघं परत आले तेव्हा तुळसीचे यजमान हसतमुख होते आणि तुळसीचं तोंड उतरलेलं होतं. त्याच दिवशी त्यांनी सामान उचललं आणि लॉज गाठलं. लग्नाची पत्रिका टपालानं आली. लग्नात अक्काला मुलीच्या मावशीचा मान मिळाला नाही; बाई लांबच्या पाहुण्यांच्या रांगेत बसून जेवून आल्या. त्यानंतर सणावाराला फोन, तोही तब्येत विचारण्यापुरता.

बाईंनी मनाची समजूत घातली होती. गरिबाच्या घरी कोणाचे पाय वळत नाहीत, ते चालायचंच. बहीण गेली, पण नवरा आपल्या बरोबरीनं उपाशी राहणारा मिळाला. या एका गोष्टीवर त्यांनी इतकी वर्षं काढली.

मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबर, आला की मैलापुरात गल्लोगल्ली गाणं. संध्याकाळच्या मोठ्या गवयांना तिकीट. दुपारी नवी मुलं गातात, त्यांना तिकीट नाही. विद्युलताबाईंची वर्षभराची सगळी चैन म्हणजे ही दुपारची गाणी. पेजेतली साडी, पिशवीत दहीभात, पाण्याची बाटली, आणि पुढून तिसरी रांग. सभेच्या, म्हणजे गाणी भरवणाऱ्या संस्थेच्या, आवारात मांडव घालून कँटीन थाटलेलं असतं, आणि अर्धे लोक गाण्यापेक्षा त्याच्यासाठीच येतात असं सगळेच हसत कबूल करतात. बाई तिकडे कधी फिरकल्या नाहीत. खर्च हे कारण होतंच, पण खरं कारण तो वास. कॉफी सोडून दोन तपं होत आली तरी त्या वासानं नेम मोडण्याची भीती वाटायची. म्हणून त्या लांबचा दरवाजा वापरायच्या.

मागच्या डिसेंबरात एका दुपारी सभेतला पिण्याच्या पाण्याचा नळ बंद होता. राखणदार म्हणाला, कँटीनच्या मागे गरम पाण्याचं पिंप आहे, भरून घ्या, पैसे पडत नाहीत. बाईंचा घसा सुकला होता. पैसे पडत नाहीत म्हटल्यावर त्या गेल्या. पिंप मांडवाच्या मागच्या बाजूला, मध्ये रंगीत कापडाचा आडपडदा. त्यांनी बाटली धरली, तोटी सोडली, आणि पडद्यापलीकडून मराठी ऐकू आली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चेन्नईत राहणाऱ्या या लोकांना एक जुनी खोड आहे. चारचौघांत काही झाकायचं असलं की ते आवाज खाली करत नाहीत, फक्त मराठीत बोलतात. रिक्षावाल्याच्या भाड्यावर, शेजाऱ्याच्या सुनेवर, डॉक्टरच्या अकलेवर त्याच्या तोंडासमोर खुशाल मोठ्यानं मतं देतात. आसपासच्यांना कळत नाही, याची त्यांना पिढ्यान्पिढ्या खात्री. सुधींद्ररावही तसेच. आणि पडद्यापलीकडे बोलत होते ते सुधींद्ररावच. त्या वेळी ते फुकटच्या वाचनालयात पेपर वाचत असायला हवे होते.

"आणखी एक सांगू का, गिरिधरा? इथली कॉफी बरी आहे. पण आपल्या तळ्याजवळच्या मेसची सर नाही. तिथे मी गेली वीस-बावीस वर्षं रोज सकाळी घेतो. माझा पेला वेगळा ठेवतात ते."

गिरिधर म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, अड्यारला राहणारा. तो म्हणाला, "रोज बाहेर कसाला पा? घरात कॉफीबिफी अस्कं अजून बंदच का?"

"घरात कुठली? तुला माहीत नाही का तिचा नेम? एकदा हट्ट धरला, कॉफी बंद. तिला पैसा सुटत नाही रे. मी काय करूं? म्हातारपणी बायकोशी भांडत बसूं?"

"पावम्, बिचारा तू," गिरिधर म्हणाला. "तुळसीही तेच म्हणत होती. म्हणाली, भावोजींनी मला आणि यांना मेसमध्ये नेऊन कॉफी पाजली, नाही तर अक्कानं आम्हाला गरम पाण्यावर काढलं असतं. आणि तुझे डोळे भरून आले होते म्हणे, माझ्याबद्दल अक्काला काही बोलू नका म्हणालास."

"बोलून काय उपयोग? तिला कशाचंच काही लागत नाही. तिसऱ्या पाण्याचं सार पिऊन ती खूश असते. जन्मच तसा तिचा." आणि मग तमिळमध्ये, आवाज चढवून, "तंबी, अजून एक कॉफी. साखर कमी."

बाटली भरून पाणी बाईंच्या हातावरून वाहू लागलं. पाणी बरंच गरम होतं, तरी त्यांना ते उशिरा कळलं. आधी त्यांना त्या पंधरा दिवसांची आठवण झाली, सुंठ उगाळून काळवंडलेल्या कपाळाची. मग तुळसीचं उतरलेलं तोंड. पडदा बाजूला करून समोर उभं राहावं असं एकदा वाटलं, पण त्यांनी तोटी बंद केली. इतक्या लोकांसमोर नवऱ्याला ओशाळं करण्याची सवय त्यांच्या अंगात कधी नव्हतीच. त्या परत जाऊन तिसऱ्या रांगेत बसल्या. पोरगी चांगली गात होती. बाईंना एक अक्षर ऐकू आलं नाही. फसवणूक कॉफीची नव्हती हे त्यांना तिथे बसल्या बसल्या नीट कळलं. कॉफी पिऊन येता तर पिऊन या, पण उपास माझ्या नावावर आणि कंजूषपणाही माझ्याच नावावर?

संध्याकाळी दिवा लागला. सुधींद्रराव रोजच्या जागी येऊन बसले आणि म्हणाले, "आज येताना मी चालत आलो. बसचं तिकीट वाचलं. तुझं काय?"

"माझे आज कान उघडले," बाई म्हणाल्या. "कँटीनच्या मागे पाणी भरत होते मी. तुम्ही मराठीत बोलत होता."

सुधींद्ररावांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या पदरी घालायला हवं. मग म्हणाले, "पहिल्या आठवड्यातच सुटेना मला. सांगणार होतो. पण तू इतक्या आनंदानं करत होतीस की तुझं मन मोडवेना."

"आणि माझं नाव कसाला सांगितलं सगळ्यांना?"

"मग काय सांगायला हवं होतं? नोकरी गेली, बायकोला कॉफी पाजायची ऐपत नाही, असं? मी एन्नोरला दहा माणसांच्या वर होतो, विद्यु. बायकोचा नेम म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही."

"पुढे नोकरी लागली तुम्हाला. तेव्हा तरी सांगायचं."

"तोवर सगळ्यांना तेच ठाऊक झालं होतं," सुधींद्रराव म्हणाले, जसं काही ते कोणा तिसऱ्यानं केलं होतं.

विद्युलताबाईंना त्यांची कीव आली असती, दुसऱ्या कुठल्या दिवशी. त्या दिवशी त्यांना फक्त संताप आला, आणि संतापाखाली एक विलक्षण एकटेपणा. इतकी वर्षं या खोल्यांत आपण दोघं राहतोय असं त्यांना वाटत होतं. डाव त्या एकट्याच खेळत होत्या. समोरचा "शाब्बास" म्हणण्यापुरता येऊन बसत होता.

"तुळसीला फोन करा," त्या म्हणाल्या. "मला बाकी काही नको. तिला खरं काय ते सांगा."

"उद्या करतो."

"आत्ता."

"उद्या, विद्यु. आत्ता ती स्वयंपाकात असेल."

बाईंनी स्वतःच फोन उचलला. दोनदा घंटी वाजताच तुळसी फोनवर आली. अक्कानं सणवार नसताना फोन केला म्हणून ती घाबरली होती. आधी तिला सगळं ठीक आहे हे सांगावं लागलं. मग बाई एका दमात बोलल्या. कॉफी दोघांनी मिळून सोडली होती. मी हट्ट धरला नव्हता, मागणी यांची होती. हे रोज बाहेर घेत होते, मला माहीत नव्हतं. त्या सकाळी तू आलीस तेव्हा मला वाटलं हेही माझ्यासारखेच गरम पाणी पितात. मी तुला कॉफी दिली नाही कारण माझ्या घरात मलाही नव्हती गं.

मग तुळसी म्हणाली, "अक्का, आता हे कसाला? भावोजींवर का घालतेस? कधी चकार शब्द काढला नाही त्यांनी तुझ्याविरुद्ध."

"तुळसी, मी आज माझ्या कानांनी ऐकलं."

"तूच तर सगळ्यांना अभिमानानं सांगायचीस ना, आमच्या घरात कॉफी नाही म्हणून? माझ्या लेकीच्या साखरपुड्यातसुद्धा सांगितलंस. तेव्हा भावोजी मान खाली घालून बसले होते. मी पाहिलंय."

बाईंनी सांगितलं होतं, खरंच होतं. तोऱ्यात सांगितलं होतं. आपल्या विरुद्धची सगळी साक्ष आपणच इतकी वर्षं गावभर देत फिरलो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

तुळसीचा आवाज मऊ झाला. तो बाईंना लहानपणापासून ओळखीचा होता, रुसवा सोडतानाचा. आठ वर्षांत तो ऐकला नव्हता. "परवाइल्लै, अक्का, असू दे. जुनं उकरायचं नाही. माझ्या मनात आता काही नाही. पैशाची ओढ कोणाला नसते? तुला आज वाटलं, फोन करावासा वाटला, हेच पुष्कळ. बदललीस तू. मला खूप बरं वाटलं. पोंगलला ये, खरंच ये. मी माफ केलंय तुला केव्हाच."

बहीण परत मिळत होती. न केलेला गुन्हा कबूल केला की मिळत होती. आणखी एक वाक्य बोललं तर पुन्हा जात होती.

"हो," त्या म्हणाल्या. "येईन."

"भावोजी आहेत का जवळ? दे त्यांना. फार सोसलं त्यांनी."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुधींद्ररावांना सगळं ऐकू येत होतं, खोली केवढीशी ती. त्यांच्या हातात आता सगळं होतं. बाईंनी फोन पुढे केला आणि तशाच उभ्या राहिल्या, त्यांच्या तोंडाकडे बघत.

सुधींद्ररावांनी फोन कानाला लावला. पलीकडून तुळसी बरंच काही बोलली. ते ऐकत राहिले, एकदा त्यांनी बायकोकडे वर पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"हो, तुळसी," ते हळूच म्हणाले. "हो. मलाही आजच जाणवलं. बदललीय ती."

त्यांनी ते मराठीत म्हटलं. तरी या वेळी आवाज खालीच होता.